तीनचाकी मोटरसायकलचा मागचा बेल्ट: ताण जुळवला की अलाइनमेंट जातं, अलाइनमेंट जुळवलं की ताण जातो

सुकाणू

नमस्कार मंडळी,

माझी गाडी दोन चाकं पुढे आणि एक मागे अशी आहे. मागच्या चाकाला चेन नाही, दातेरी बेल्ट आहे. मागचा टायर बदलून घेतल्यापासून दोन गोष्टी जाणवतायत. एक म्हणजे १०० ते १२० च्या दरम्यान पायाखाली बारीक थरथर येते. वेग त्याच्या वर नेला किंवा खाली आणला की ती जाते. दुसरी गोष्ट, बेल्ट मागच्या पुलीच्या फ्लँजला, म्हणजे पुलीच्या कडेच्या उभ्या कठड्याला, चिकटून चालतोय. फ्लँजच्या आतल्या अंगाला काळी भुकटी साचलीय आणि बेल्टची ती कड चकाकायला लागलीय.

मॅन्युअल बघून ताण मोजला, तो मर्यादेत आहे. बेल्ट फ्लँजपासून सरकवायला एका बाजूचा ॲडजस्टर (ॲक्सलचं त्या बाजूचं टोक मागे-पुढे सरकवणारा बोल्ट) फिरवतो, तर ताण मर्यादेबाहेर जातो. ताण जागेवर आणतो, तर बेल्ट परत फ्लँजकडे. शेवटी ॲक्सलचा नट आवळला की दोन्ही थोडं थोडं हलतं. हे काम नक्की कुठल्या क्रमाने करायचं असतं? आणि बेल्ट फ्लँजपासून किती लांब असला म्हणजे ठीक?

बेल्ट डाव्या बाजूला आहे. टायर २२५/५० आर १५. पुढच्या पुलीला २८ दात, मागच्या पुलीला ७९.

पाना-पकड

सुकाणू, दोन्ही ॲडजस्टर सारख्याच कामाचे आहेत असं धरून चाललात तर हा गुंता कधीच सुटणार नाही. दोघांची कामं वेगळी आहेत.

बेल्ट डाव्या बाजूला आहे, म्हणजे डावा ॲडजस्टर बेल्टच्या अगदी शेजारी. तो फिरवला की बेल्टचा ताण लगेच बदलतो. उजवा ॲडजस्टर बेल्टपासून लांब आहे. तो फिरवला की ॲक्सल डाव्या टोकाभोवती किंचित वळतो. कोन बदलतो, पण बेल्टपाशी अंतर जवळजवळ तेवढंच राहतं. आकड्यांत सांगतो. दोन ॲडजस्टरमध्ये ३०० मिमी अंतर आणि बेल्टची मधली रेघ डाव्या ॲडजस्टरपासून ३० मिमीवर धरा. उजवं टोक ०.२५ मिमी मागे गेलं तर बेल्टपाशी फक्त ०.०२५ मिमी फरक पडतो, म्हणजे दहावा हिस्सा. म्हणून ताण डाव्याने लावायचा आणि बेल्टची चाल उजव्याने जुळवायची. बेल्ट उजवीकडे असलेल्या गाडीत याच्या उलट.

आता दिशा. दातेरी बेल्ट सहसा तुलनेने ढिल्या बाजूकडे सरकतो. गोलसर माथ्याच्या पुलीवरचा सपाट पट्टा ताणलेल्या बाजूकडे जातो, ती सवय इथे डोक्यातून काढायची. बेल्ट उजवीकडे जात असेल तर उजवी बाजू ढिली आहे. उजवा ॲडजस्टर थोडा आवळा, बेल्ट डावीकडे येईल.

किती फिरवायचा? ॲडजस्टरच्या आट्याचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी असेल तर सहाकोनी डोक्याची एक बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरी, ॲक्सलचं टोक ०.२५ मिमी हलवते. दातेरी बेल्टला कोनातला फरक साधारण पाव अंशाच्या आत ठेवायचा असतो. वरच्या ३०० मिमीच्या हिशोबाने पाच बाजू फिरवल्या की पाव अंश संपला. म्हणून एका वेळी एकच बाजू, फार तर दोन. मग चाक हाताने पुढच्या दिशेने बऱ्याच फेऱ्या फिरवा आणि बघा. बेल्ट हळू सरकतो. दोन फेऱ्यांत निष्कर्ष काढायचा नाही.

क्रम असा ठेवा. गाडी थंड असताना सुरुवात करा, गिअर न्यूट्रलमध्ये. पार्किंग ब्रेक मागच्या चाकाला लागत असेल तर गाडी स्टँडवर पक्की बसल्यावर तो सोडा. ॲक्सलचा नट पूर्ण मोकळा करू नका, ॲक्सल ॲडजस्टरच्या जोराने सरकेल इतपतच सैल करा. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) ज्या सांध्यावर वरखाली होतो त्या पिव्हटच्या केंद्रापासून ॲक्सलच्या केंद्रापर्यंत दोन्ही बाजूंना मोजून अंतर सारखं करा. स्विंगआर्मवरच्या खुणांवर विसंबू नका, त्या सुरुवातीच्या अंदाजापुरत्या. मग डाव्या ॲडजस्टरने ताण जवळपास आणा, नट पूर्ण टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोराला, आवळा आणि मगच चाक फिरवून बेल्ट कुठे जातो ते बघा. नट सैल असताना दिसणारी बेल्टची चाल फसवी असते. ताणाचंही तेच. नट आवळताना ॲक्सल किंचित सरकतो आणि आकडा बदलतो. तुमच्या गाडीत तो कुठल्या दिशेला आणि किती बदलतो हे एकदा लिहून ठेवलंत की पुढच्या वेळी तेवढी जागा आधीच सोडता येते.

शेवटची हालचाल नेहमी आवळण्याच्या दिशेने करा. ताण जास्त झाला आणि नुसता ॲडजस्टर सैल केला, तर ॲक्सल जागचा हलत नाही, ॲडजस्टर आणि ॲक्सल यांच्यात फट राहते. मग पहिल्या खड्ड्यात चाक पुढे सरकतं. तेव्हा आधी सैल करा, चाक पुढे ढकलून ॲक्सल ॲडजस्टरला टेकवा आणि तिथून परत आवळत या.

आणि इंजिन चालू ठेवून बेल्टजवळ हात नेऊ नका. हाताने फिरवतानाही बोटं बेल्ट आणि पुलीच्या मध्ये नको. चाक जड असतं, एकदा फिरायला लागलं की बोट ओढून घेतं.

जुना मिस्त्री

पाना-पकड यांनी क्रम बरोबर दिलाय. पण त्याच्या आधीची एक पायरी राहिली. सुकाणू, टायर बदलल्यापासून हे सुरू झालं असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे चाक निघालं होतं. ॲक्सलवरचे स्पेसर (चाकाच्या दोन बाजूंना बसणाऱ्या नळ्या) परत त्याच जागी, त्याच बाजूने बसलेत का? दोन्ही बाजूंचे स्पेसर दिसायला सारखे असतात, लांबीत फरक असतो. पुली ज्या हिसके झेलणाऱ्या डँपर रबरांवर बसते, ती नीट आत गेली नसतील तरी पुली बाहेर उभी राहते.

हे आधी का तपासायचं? ॲडजस्टरने फक्त कोन बदलतो. पूर्ण पुलीच दोन मिमी बाजूला बसली असेल तर ॲडजस्टर ती आत आणू शकत नाही. बेल्ट फ्लँजवरून हटवण्यासाठी तुम्ही चाक वाकडं करत जाल. बेल्ट मधोमध दिसेल, पण चाक तिरपं धावेल. दोन चाकं पुढे असलेल्या गाडीत मागच्या चाकाची दिशा बिघडली की गाडी एका बाजूला ओढते आणि हँडल सतत किंचित धरून ठेवावं लागतं.

ओळखायचं कसं? एक सरळ, न वाकणारी स्टीलपट्टी मागच्या पुलीच्या बाहेरच्या तोंडाला सपाट लावा आणि पुढच्या पुलीपर्यंत नेऊन पोचवा. पुढच्या पुलीच्या तोंडावर दोन ठिकाणी फट मोजा, मागच्या काठाशी आणि पुढच्या काठाशी. दोन्हीकडे फट सारखी असेल तर पुली बाजूला बसलीय, म्हणजे स्पेसर बघा. फट एकीकडे कमी आणि एकीकडे जास्त असेल तर कोन चुकलाय, म्हणजे ॲडजस्टर. दोन्ही पुलींची तोंडं मुळात एका पातळीत असतात की त्यांत ठरलेला फरक असतो, ते मॅन्युअलमध्ये बघून मग मोजा.

तिसराही एक प्रकार आहे. ॲक्सल वरून बघितला तर सरळ, पण मागून बघितला तर एका बाजूला कललेला. हे ॲडजस्टरने दुरुस्त होत नाही. स्विंगआर्मचं बेअरिंग झिजलेलं असतं किंवा स्विंगआर्मच पिळलेला असतो. चाक पुढे फिरवलं की बेल्ट एका बाजूला जातो आणि मागे फिरवलं की दुसऱ्या बाजूला, असं दिसलं तर मी आधी स्विंगआर्म दोन्ही हातांनी धरून आडवा हलवून बघतो. तिथे खडखड लागली तर बाकी सगळं मोजणं थांबवायचं.

फ्लँजपासून किती लांब, हे विचारलंत. मधोमध असलाच पाहिजे असं नाही. पण सरळ रस्त्यावर तो फ्लँजवर दाब देत चालता कामा नये. ही गाडी वळणावर कलत नाही, सगळा आडवा जोर टायरमार्गे ॲक्सल आणि स्विंगआर्मवर येतो. सरळ जाताना बेल्ट फ्लँजला टेकलेला असेल तर वळणावर तो फ्लँजवर चढू पाहतो. काळी भुकटी तिथूनच येते. डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतकी फट ठेवा. फ्लँजच्या आतल्या अंगावर पांढऱ्या मार्करची रेघ ओढा आणि गाडी चालवून या. रेघ पुसली गेली नाही म्हणजे बेल्ट तिथे घासत नाही.

हर्ट्झवेडी

अलाइनमेंटवर मिस्त्री काकांनी आणि पाना-पकड यांनी लिहिलंय, मी ताणाबद्दल लिहिते. "ताण मर्यादेत आहे" हे वाक्य मला अपुरं वाटतं. कुठल्या अवस्थेत मोजला हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

पहिलं, सस्पेन्शन. पुढच्या पुलीचं केंद्र आणि स्विंगआर्मचा पिव्हट एकाच जागी नसतात. पुली, पिव्हट आणि ॲक्सल एका रेषेत आले की दोन पुलींमधलं अंतर सर्वांत जास्त होतं आणि बेल्ट सर्वांत ताठ होतो. पुलीपासून पिव्हट ८० मिमी आणि पिव्हटपासून ॲक्सल ५०० मिमी धरा. सरळ रेषेत एकूण ५८०. स्विंगआर्म १० अंश खाली लोंबला की हेच अंतर ५७९ होतं. १ मिमी किरकोळ वाटेल, पण कार्बन किंवा अरामिड धाग्यांचा बेल्ट जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे तेवढ्यात आकडा बराच बदलतो. म्हणून मॅन्युअलने चाक अधांतरी ठेवून मोजायला सांगितलं असेल तर अधांतरीच, चाक जमिनीवर ठेवून म्हटलं असेल तर जमिनीवरच. एका अवस्थेचा आकडा दुसरीला लावायचा नाही.

दुसरं, तापमान. स्विंगआर्म ॲल्युमिनियमचा असेल तर ६०० मिमी लांबी ४० अंशांनी तापल्यावर अर्ध्या मिमीहून थोडी जास्त वाढते. बेल्टचे धागे तसे वाढत नाहीत. गाडी चालवून आल्या आल्या मोजलं तर बेल्ट ताठ दिसतो.

तिसरं, जागा. कुठलीच पुली शंभर टक्के गोल नसते. चाक थोडं थोडं फिरवत प्रत्येक ठिकाणी मोजा आणि सर्वांत ताठ जागा शोधा. ताण त्या जागी लावायचा. ढिल्या जागी लावला तर ताठ जागी तो मर्यादेबाहेर जातो. ताठ आणि ढिल्या जागेत फार फरक दिसला तर आधी पुलीच्या दातांच्या खाचांत खडा अडकलाय का ते बघा.

मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक, ठरलेला जोर देऊन बेल्ट किती दबतो ते बघणं. हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांत बेल्टच्या खालच्या पदराच्या (दोन पुलींमधल्या मोकळ्या भागाच्या) मध्यावर १० पौंड, म्हणजे साधारण ४.५ किलो जोर देऊन दबणं मोजतात. किती मिमी दबायला हवा ते मॉडेलनुसार बदलतं. दुसरी पद्धत, टिचकी मारून कंपनसंख्या मोजणं. ताण न्यूटनमध्ये हवा असेल तर ४ × बेल्टचं दर मीटर वजन किलोत × मोकळ्या पदराच्या मीटरमधल्या लांबीचा वर्ग × कंपनसंख्येचा वर्ग.

दोन्ही पद्धती एकमेकींशी ताडून बघता येतात. मोकळा पदर ०.६ मीटर, वजन दर मीटर ०.१५ किलो, कंपन ५० हर्ट्झ. ४ × ०.१५ × ०.३६ × २५०० म्हणजे ५४० न्यूटन. आता तोच पदर मध्यावर ४५ न्यूटनने दाबला आणि १२.५ मिमी दबला, तर ४५ × ०.६ भागिले ४ पट ०.०१२५, परत ५४० न्यूटन. बेल्टचा स्वतःचा ताठपणा यात धरलेला नाही, म्हणून प्रत्यक्षात थोडा फरक पडेल. हे आकडे नुसते उदाहरणाचे आहेत, तुमच्या गाडीला लावू नका. दोन पद्धतींची उत्तरं एकमेकांपासून फार लांब आली तर एक मोजणी चुकतेय एवढं यावरून कळतं.

कंपनसंख्या वर्गात येते हे विसरू नका. ५० ची ५५ झाली तर ताण १० टक्क्यांनी नाही, २१ टक्क्यांनी वाढलेला असतो.

फोनच्या ॲपने मोजत असाल तर माइक बेल्टच्या मध्याजवळ धरा आणि टिचकीही बरोबर मध्यातच मारा. मध्यात मारली की दुप्पट कंपन उठत नाही. बाजूला मारली की उठतं, आणि इतका खालचा आवाज फोनला नीट ऐकू येत नसल्यामुळे तो नेमका दुप्पट आकडा दाखवून मोकळा होतो. ४५ ऐवजी ९० दिसलं तर बेल्ट ढिला करायला धावू नका.

जुना मिस्त्री

ताई, हिशोब पटला. तरी हाताचा उपयोग मी सोडणार नाही. ताठ जागा कुठे आहे हे अंगठ्याने दाबत गेलं की मीटरपेक्षा लवकर सापडतं. मीटर त्या जागी लावायचा.

पण एक गोष्ट नक्की थांबवा. बेल्ट बोटांत धरून अर्धा किंवा पाव पिळून ताण बघायची पद्धत काही जण या बेल्टलाही लावतात. ती लहान, मऊ बेल्टची रीत आहे. इथे आतले धागे कार्बनचे असतील तर पिळल्याने किंवा तीव्र वळण दिल्याने ते आतच मोडतात. बाहेरून काहीच दिसत नाही. बेल्ट काढून ठेवतानाही त्याची गुंडाळी करू नका, उलटा करू नका, खिळ्याला टांगू नका. सपाट, मोठ्या गोलाकारात ठेवा.

हर्ट्झवेडी

काका, अंगठ्याने ताठ जागा शोधून मग मीटर लावणं, हे मला मान्य आहे. पिळण्याबद्दलही पूर्ण सहमत.

तिसरेचाक

माझी गाडी याच्या उलट आहे, एक चाक पुढे आणि दोन मागे, मध्ये डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरसंच). बेल्ट डिफरन्शियलच्या पुलीवर येतो. डावा-उजवा ॲडजस्टर वाटून घ्यायची वरची पद्धत इथेही चालते का? माझ्याकडे बेल्ट ठीक चालतो, पण गाडी किंचित डावीकडे जाते.

पाना-पकड

तिसरेचाक, तत्त्व तेच, पण तुमच्याकडे चुकीची किंमत मोठी.

तीनचाकींत बेल्ट कुठे असतो ते आधी बघू, म्हणजे धागा वाचणाऱ्यांचा घोळ होणार नाही. कॅन-ॲम स्पायडर आणि पोलॅरिस स्लिंगशॉट या दोन चाकं पुढे असलेल्या गाड्यांत मागच्या एका चाकाला बेल्ट आहे. हार्ले-डेव्हिडसनची २००९ पासूनची ट्राय ग्लाइड दोन चाकं मागे असलेली, तिथे बेल्ट डिफरन्शियलला जातो. कॅन-ॲमचीच रायकर शाफ्टवर चालते. तिच्यात बेल्ट आहे तो गिअर बदलणाऱ्या यंत्रणेतला, त्याला हा धागा लागू नाही.

दोन चाकं मागे असताना संपूर्ण ॲक्सल हाउसिंग पुढेमागे सरकतं आणि दोन्ही चाकं त्याच्याबरोबर वळतात. चाकांमध्ये १ मीटर अंतर धरलं तर पाव अंशाच्या फरकाने एक चाक दुसऱ्यापेक्षा साडेचार मिमीच्या आसपास पुढे येतं. बेल्टला हा कोन सहन होतो. गाडीला होत नाही, दोन्ही चाकं मिळून तिचा मागचा भाग एका बाजूला ढकलत राहतात. म्हणून तुमच्याकडे बेल्ट ठीक चालतोय एवढ्यावर समाधान मानू नका. पिव्हटच्या केंद्रापासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत तिरकी अंतरं मोजा. ती सारखी करा, मग बेल्ट बघा. ॲक्सल चौकोनात असूनही बेल्ट फ्लँजवर जात असेल तर पुलीची बाजूची जागा चुकलीय, काकांनी सांगितलेला पहिला प्रकार. अशा वेळी हाउसिंग वाकडं करून बेल्ट सरळ करायचा मोह टाळा. त्याआधी दोन्ही मागच्या टायरमधली हवा सारखी आहे ना हेही बघून घ्या, नाहीतर नसलेला दोष शोधत बसाल.

सुकाणू

काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी स्टीलपट्टी लावली. पुढच्या पुलीवर मागच्या काठाशी फट ४ मिमी आणि पुढच्या काठाशी ५ मिमीच्या जवळ. मॅन्युअलप्रमाणे ती १ मिमीच्या आत असायला हवी. म्हणजे कोनही चुकला होता आणि बाजूची जागाही. चाक काढलं तर डावा-उजवा स्पेसर एकमेकांच्या जागी बसवलेले निघाले. टायर बदलताना ते झालं असणार. ते जागेवर घातले, डँपर रबरं नीट दाबून बसवली आणि मग पाना-पकड यांचा क्रम धरला.

डाव्या ॲडजस्टरने ताण आणि उजव्याने चाल, ही वाटणी केल्यावर काम एकदम सोपं झालं. उजवा एकेक बाजू फिरवत गेलो, प्रत्येक वेळी नट टॉर्कला आवळून चाक फिरवलं. ताणाचा आकडा जवळजवळ जागचा हलला नाही. आता फ्लँज आणि बेल्टमधून पातळ पुठ्ठा आरपार जातो. पांढरी रेघ ओढून वळणावळणाच्या रस्त्याने फिरून आलो, रेघ शाबूत आहे. नट आवळल्यावर माझ्याकडे ताण वाढतो, तेही लिहून ठेवलंय.

थरथर मात्र पूर्ण गेली नाही. आधी १०० च्या पुढे सुरू व्हायची, आता ११५ च्या आसपास सुरू होते आणि आधीपेक्षा सौम्य आहे. चाकाचं बॅलन्सिंग परत करून घेऊ का?

हर्ट्झवेडी

थांबा, आधी हा हिशोब बघा. तुमच्या टायरचा घेर १.९ मीटर, म्हणजे १०० च्या वेगाला चाक सेकंदाला १४.६ वेळा फिरतं. २८ आणि ७९ दातांमुळे पुढची पुली सेकंदाला ४१ वेळा फिरते, ११० ला ४५ वेळा, १२० ला साडेएकोणपन्नास वेळा. पुढच्या पुलीत केसाएवढाही वाकडेपणा असला तरी ती प्रत्येक फेरीत बेल्टला एक हिसका देते. बेल्टच्या मोकळ्या पदराची स्वतःची कंपनसंख्या तेवढीच असली की पदर थरथरायला लागतो. बेल्ट नव्याने जुळवल्यावर तुमच्या थरथरीचा वेग वर सरकला, हीच तिची ओळख. चाकाच्या बॅलन्सिंगचा दोष बेल्टचा ताण बदलून जागा बदलत नाही.

आणखी एक खात्री करून घ्या. मोकळा रस्ता बघून त्याच वेगाला थ्रॉटल हळूच सोडा. पुढे ओढताना बेल्टचा वरचा पदर ताणलेला असतो आणि खालचा ढिला. थ्रॉटल सोडला की उलट होतं. थरथर लगेच बदलली तर ती बेल्टची. तशीच राहिली तर चाक आणि टायर तपासा. खालचा पदर चालू गाडीत ढिला पडतो, म्हणूनच स्टँडवर ५० हर्ट्झ दाखवणारा बेल्ट रस्त्यावर त्याहून कमी वेगालाही थरथरू शकतो.

थरथर घालवायला मर्यादेच्या वर ताण नेऊ नका. जास्तीचा सगळा भार गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि चाकाच्या बेअरिंगवर पडतो. पुढच्या पुलीच्या मध्याशी, शाफ्टच्या खाचांपाशी लालसर भुकटी दिसते का तेही बघा. ती गंजासारखी दिसणारी भुकटी म्हणजे खाचा एकमेकींवर घासून झिजतायत. नट सैल असू शकतो किंवा पुलीच्या खाचा गेलेल्या असू शकतात.

रानवाट

ताणाबद्दल वाचतोय, बेल्टच्या तब्येतीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून विचारतो. माझ्या बेल्टच्या मधल्या भागात खड्याने एक छिद्र पाडलंय. बदलावा का?

जुना मिस्त्री

रानवाट, मधल्या भागातलं लहान छिद्र असेल तर बेल्ट लगेच टाकायची गरज नसते, पण लक्ष ठेवा आणि लांबच्या प्रवासाला त्यावर जाऊ नका. कडेला मार लागला असेल तर बदला, कारण तुटणं कडेपासूनच सुरू होतं. दात गेलेला असेल, दाताच्या मुळाशी भेग असेल, दात आकड्यासारखे झिजले असतील किंवा कडेतून धागे बाहेर आले असतील तरी बदलायचाच. आणि पुलीही बघा. झिजलेल्या पुलीवर नवा बेल्ट घातला तर तोही लवकर जातो. आवाज येतो म्हणून ग्रीस किंवा चेनचा स्प्रे मारू नका. साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडा होऊ द्या, एवढं पुरतं.

सुकाणू

थ्रॉटल सोडून बघितला, थरथर लगेच बदलली. म्हणजे बेल्टचीच. अशा गाड्यांना खालच्या पदरावर दाब देणारा एक रोलर लावतात, तो लावावा का? माझ्या गाडीला रिव्हर्स गिअर आहे, म्हणून शंका.

पाना-पकड

शंका रास्त आहे. रोलर पदराचे दोन तुकडे करतो. लांबी कमी झाली की कंपनसंख्या वर जाते आणि तुमच्या नेहमीच्या वेगाच्या बाहेर पडते, म्हणून थरथर थांबते. पण रिव्हर्समध्ये ओढ खालच्या पदरावर येते. तो ताठ होऊन सरळ व्हायला बघतो आणि रोलरला बाहेर ढकलतो. थ्रॉटल सोडल्यावरही थोडं तसंच. म्हणून रोलर स्प्रिंगवर मागे सरकणारा हवा, पक्का बसवलेला आणि बेल्टला खोल दाबणारा नको. त्याची रुंदी बेल्टपेक्षा जास्त हवी आणि तो बेल्टच्या सपाट पाठीवर हवा, दातांवर नाही. लावल्यावर अलाइनमेंट परत बघा, कारण रोलर तिरपा बसला तर तोच बेल्टला बाजूला नेतो.

रोलर लागल्यावर खालच्या पदराची जुनी कंपनसंख्या किंवा दबण्याचा आकडा लागू होत नाही, कारण मोकळी लांबीच बदललेली असते. ताण मोजताना रोलर बेल्टपासून पूर्ण मागे घ्या, मोजा, नट टॉर्कला आहे ना बघा आणि मग रोलर परत टेकवा.